प्रकल्प नोंदी: ‘सूची’ने गिळलेला हायफन

२ सप्टेंबर २०२४, सोमवार

सकाळी मुग्धा लॅपटॉप उघडाच धरून जागेवर आली. “सर, तुमची सूची मला भलत्याच घरात नेऊन सोडते.” तिने `यूआर्ट_इनिट` या नावावर कर्सर ठेवला आणि ते फंक्शन जिथे लिहिलंय तिथे उडी मारली. व्हिमने, म्हणजे आमच्या कोड एडिटरने, फाइल उघडली, फंक्शन समोर आलं, नावही तेच. पण या फंक्शनला दोन पॅरामीटर, आणि तिच्या कोडमधल्या कॉलमध्ये तीन.

म्हटलं, टॅग्ज, म्हणजे कुठलं नाव कुठल्या फाइलीत आहे त्याची यादी, जुने झाले असतील, पुन्हा बनव. त्यावर तिने वही पुढे केली. शुक्रवारपासून सहा वेळा असं झालं होतं आणि सहाही वेळा तिने दोन रकाने मांडले होते: कुठे जायला हवं होतं, कुठे गेलं. डाव्या रकान्यात सगळ्या फाइली `फर्म-कॉमन` मधल्या, उजव्या रकान्यात सगळ्या `फर्म/कॉमन` मधल्या. जुन्या टॅग्जमुळे एवढं शिस्तीत चुकत नाही. गेल्या वर्षभरात याच तक्रारीवर मी किमान दोघांना ‘पुन्हा बनव’ सांगून वाटेला लावलंय. ते आठवून ओशाळलो.

या नोंदी पुढे कोणी वाचल्याच तर म्हणून पार्श्वभूमी. ‘सूची’ ही आमच्या टीमची घरगुती पायथन स्क्रिप्ट. कंपायलरने कोणकोणत्या फाइली घेतल्या ती यादी वाचायची, त्या फाइलींवर सीटॅग्ज (कोडमधली नावं आणि त्यांच्या जागा गोळा करणारा प्रोग्राम) चालवायचं, आलेले पाथ, म्हणजे फाइलींचे पत्ते, रिलेटिव्ह (डिस्कच्या मुळापासून नव्हे, प्रकल्पाच्या फोल्डरपासून मोजलेले) करायचे, `टॅग्ज` फाइल लिहायची, आणि तीच यादी सीस्कोपला (नाव कुठे-कुठे वापरलंय ते शोधणाऱ्या प्रोग्रामला) द्यायची, एवढंच तिचं काम. रात्री बिल्ड सर्व्हरवर एकदा चालते, सकाळी लोक तयार सूची ओढून घेतात. पाथ रिलेटिव्ह हवेत ते याचसाठी. सर्व्हरवर प्रकल्प `/बिल्ड/काम/फर्म` मध्ये, माझ्याकडे `/होम` खाली, कोणाचा आणखी कुठे.

मुग्धाला म्हटलं, “परत उडी मार, आणि फाइल उघडेल तेव्हा कोडकडे नको, खालच्या ओळीकडे बघ.” खाली क्षणभर लाल अक्षरं आली: ई४३५, कुडन्ट फाइंड टॅग, जस्ट गेसिंग!

व्हिम बिचारा खरं सांगत होता. टॅग्ज फाइलच्या प्रत्येक ओळीत तीन मुख्य गोष्टी असतात: नाव, फाइलचा पाथ, आणि त्या फाइलीत ती ओळ शोधण्यासाठी एक पॅटर्न. पॅटर्न म्हणजे बहुतेक वेळा मूळ ओळच जशीच्या तशी. व्हिम फाइल उघडतो, पॅटर्न शोधतो. तो सापडला नाही तर लगेच हात टेकत नाही. ‘हे नाव आणि पुढे कंस’ असं काही दिसतंय का ते पाहतो, आणि दिसलं तर तिथे जाऊन ‘अंदाजाने आलोय’ असं कळवतो. म्हणजे टॅग्जमधला पॅटर्न तीन पॅरामीटरवाल्या खऱ्या फंक्शनचा होता आणि पाथ दुसऱ्याच फाइलचा. नाव एकाचं, पत्ता दुसऱ्याचा. पोस्टमनने शेजारच्या आडनावबंधूच्या दारात पाकीट टाकलं.

३ सप्टेंबर, मंगळवार

सापडलं. सूचीतल्या सर्वांत जुन्या फंक्शनमध्ये आहे आणि माझंच आहे. कुठली ओळ कोणी लिहिली ते दाखवणारा गिट ब्लेम चालवायचीही गरज नव्हती, पण चालवला.

तर्क असा होता: पाथ रूटने, म्हणजे प्रकल्पाच्या मुख्य फोल्डरने, सुरू होत असेल तर तो रूटच्या आतला. मग रूटच्या लांबीइतकी अक्षरं आणि वर एक, म्हणजे मधली तिरकी रेघ, कापून टाकायची. उरला तो रिलेटिव्ह पाथ.

रूट, थोडक्यात, `/काम/फर्म` धरा. आता `/काम/फर्म-कॉमन/यूआर्ट.सी` घ्या. हा पाथ `/काम/फर्म` ने सुरू होतो का? अक्षरं जुळवायची तर होतो. फोल्डर म्हणून पाहिलं तर ते शेजारचं घर आहे, पण स्ट्रिंगला घरं कळत नाहीत. मग रूटची लांबी कापली, आणि वरचं एक अक्षर कापलं. ते एक अक्षर तिरकी रेघ असायला हवं होतं. इथे तो हायफन होता. उरलं काय, तर `कॉमन/यूआर्ट.सी`.

स्वच्छ, नीटनेटका, संशयाला जागा नसलेला रिलेटिव्ह पाथ. हायफन तसाच राहून `-कॉमन/यूआर्ट.सी` आलं असतं तर पहिल्याच दिवशी कोणाच्या तरी डोळ्यांत खुपलं असतं. वर एक जास्तीचं अक्षर कापल्यामुळे पुरावाच नाहीसा झाला.

आणि दुर्दैव असं की `फर्म/कॉमन/यूआर्ट.सी` नावाची फाइल खरोखर आहे. दीड वर्षापूर्वी सामायिक कोड वेगळ्या रिपॉझिटरीत काढून `फर्म-कॉमन` केलं, पण जुन्या हार्डवेअर बोर्डाला लागतात म्हणून काही फाइली मूळ `कॉमन` मध्ये तशाच राहिल्या. मुग्धाच्या बोर्डाच्या बिल्डमध्ये त्या येत नाहीत, त्यामुळे टॅग्जमध्ये त्यांची स्वतःची नोंद नाही. पण डिस्कवर त्या आहेत, आणि व्हिमला तेवढं पुरतं. ज्या फाइलींना असा जुळा भाऊ नाही तिथे व्हिम ‘फाइल अस्तित्वात नाही’ म्हणून ई४२९ देत होता. लोक मनात ‘टॅग्ज शिळे’ म्हणत होते आणि ग्रेप मारून, म्हणजे सगळ्या फाइलींत ते नाव शोधून, पुढे जात होते. दीड वर्ष. ग्रेप इतका वेगवान नसता तर हा बग लवकर सापडला असता.

पायथनच्या स्वतःच्या लायब्ररीतही हा खड्डा आहे. पाथच्या मॉड्यूलमधलं `कॉमनप्रिफिक्स` अक्षरागणिक तुलना करतं. त्याला `/यूएसआर/लिब` आणि `/यूएसआर/लोकल` दिलं, तर रोमन लिपीत दोन्ही नावं एकाच अक्षराने सुरू होत असल्यामुळे उत्तरात ते एक सुटं अक्षर लोंबकळत येतं. दस्तऐवजात तसा इशारा आहे. पायथन ३.५ पासून `कॉमनपाथ` आलं, ते फोल्डरच्या सीमेवर थांबतं. आम्ही यातलं काहीच वापरलं नव्हतं, खड्डा आमचा आम्ही खणला.

४ सप्टेंबर, बुधवार

दुरुस्ती केली. आत-बाहेर ठरवायला `कॉमनपाथ`, आणि बाहेरच्या फाइलींसाठी `रेलपाथ`, म्हणजे `../फर्म-कॉमन/यूआर्ट.सी` असा पाथ (`..` म्हणजे एक फोल्डर वर). माझ्या यंत्रावर सहाही उड्या बरोबर. सर्व्हरवर चढवली.

दुपारी रिव्ह्यूत एकाने विचारलं, की हे सीटॅग्जला स्वतःला येतं, मग आपण कशाला करतो? प्रश्न रास्त. उत्तर ऐतिहासिक आहे. सूची लिहिली तेव्हा सर्व्हरवर एक्झ्युबरंट सीटॅग्ज ५.८ होतं, २००९ सालचं, त्या घराण्यातलं शेवटचं. त्यात `टॅग-रिलेटिव्ह` या पर्यायाला ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच सांगता येतं, आणि ‘हो’ म्हटलं तरी फाइली अॅब्सोल्यूट (डिस्कच्या मुळापासूनच्या पूर्ण) पाथने दिल्या असतील तर ते तशाच लिहितं. आमची यादी कंपायलरकडून येते, तिथे पाथ अॅब्सोल्यूटच. म्हणून हाताने कापाकापी सुरू झाली. नंतर आलेल्या युनिव्हर्सल सीटॅग्जमध्ये ‘ऑल्वेज’ आणि ‘नेव्हर’ असे आणखी दोन पर्याय आहेत. ‘ऑल्वेज’ दिलं की अॅब्सोल्यूट पाथही रिलेटिव्ह करून मिळतात. सर्व्हर बदलला, सीटॅग्ज बदललं, आमची कापाकापी राहिली.

५ सप्टेंबर, गुरुवार

मुग्धा पुन्हा. “सर, आता भलत्या घरात नाही नेत. आता कुठेच नेत नाही.”

तिच्याकडे `फर्म-कॉमन` मधल्या प्रत्येक नावाला ई४२९. माझ्याकडे सगळं चालतंय, आणखी तिघांकडे चालतंय, फक्त हिच्याकडे नाही. टॅग्ज फाइल तीच, सकाळी सर्व्हरवरून आलेली. चेकसमही जुळवून पाहिला. ओळीत लिहिलंय `../फर्म-कॉमन/यूआर्ट.सी`. टर्मिनलमध्ये `फर्म` मधून एक पायरी वर आलो, `फर्म-कॉमन` समोर दिसतंय.

अर्धा तास मी हेच करत बसलो: वर जा, बघ, आहे की. मग कंटाळून वर न जाता जागेवरूनच `एलएस ..` दिलं, म्हणजे वरच्या फोल्डरची यादी मागितली. यादीत `फर्म-कॉमन` नाही! `लॉस्ट+फाउंड` आहे, कुठल्या तरी डॉकरचं फोल्डर आहे, `फर्म` आहे.

“अगं, हे `फर्म` कुठे ठेवलंयस तू?”

“मुख्य डिस्क भरली होती ना, म्हणून एसएसडीवर हलवलं. जुन्या जागी सिमलिंक आहे.”

तर असं. `/होम/मुग्धा/काम/फर्म` ही सिमलिंक, म्हणजे दुसऱ्या जागेकडे दाखवणारा नुसता बाण, खरं फोल्डर `/माउंट/एसएसडी/फर्म`. `फर्म-कॉमन` मात्र जुन्याच जागी, `/होम/मुग्धा/काम` मध्ये.

शेल म्हणजे टर्मिनलमध्ये आपल्या आज्ञा घेणारा प्रोग्राम. त्याचं `सीडी ..`, म्हणजे ‘एक फोल्डर वर जा’, हे शेल स्वतःच्या आठवणीतून करतं. आपण कुठल्या वाटेने आलो ते पीडब्ल्यूडी नावाच्या व्हेरिएबलमध्ये लिहिलेलं असतं. त्यातला शेवटचा तुकडा काढायचा, झालं ‘वर’. बाकी सगळ्या प्रोग्रामांना, `एलएस` असो की व्हिम, असली आठवण नसते. ते `..` थेट कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, देतात आणि कर्नल विचारतो, हे फोल्डर खरोखर कुठे आहे? एसएसडीवर. त्याच्या वर काय? `/माउंट/एसएसडी`. तिथे `फर्म-कॉमन` कुठून असणार? म्हणजे एकाच टर्मिनलमध्ये, एकाच जागी उभं राहून ‘वर’ या शब्दाचे दोन अर्थ. `पीडब्ल्यूडी` ला मोठा पी हा पर्याय दिला की खरी जागा कळते. मी गेली पंधरा वर्षं टर्मिनल वापरतोय आणि तो पर्याय आयुष्यात दुसऱ्यांदा वापरला.

पायथनचं `रेलपाथ` शेलच्या पंथातलं आहे. ते डिस्कला हातच लावत नाही, नुसती अक्षरांची वजाबाकी करतं. पाथ वाचणारा व्हिम कर्नलच्या पंथातला. लिहिणारा एका अर्थाने लिहितो, वाचणारा दुसऱ्या अर्थाने वाचतो, आणि वाटेत सिमलिंक नसेल तोवर दोघांचं जमतं.

कालची दुरुस्ती चुकीची नव्हती. तिने झाकलेलं दुसरं भोक उघडं पाडलं एवढंच. मुग्धाला तात्पुरतं एसएसडीवर `फर्म-कॉमन` नावाची उलटी सिमलिंक करून दिली. लाज वाटणारा उपाय, पण तिची शनिवारपासून सुट्टी आणि आज डेमो.

६ सप्टेंबर, शुक्रवार

अर्धा दिवस. रात्रीच्या गाडीने गावी. उद्या गणपती, परत येईन ते गौरी-विसर्जनानंतर. सूचीला हात लावला नाही.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

गावी नेटवर्क नव्हतं हे बरंच झालं, नाहीतर ओटीवर बसून चुकीची दुरुस्ती करून टाकली असती.

सकाळी सरळ मार्ग धरला. सगळे पाथ आधी `रियलपाथ` मधून काढायचे, सिमलिंका सोडवायच्या, मग वजाबाकी. मुग्धाच्या यंत्रावर सूची तिथल्या तिथे बनवली तर चालतं. पण प्रत्येक बाहेरच्या फाइलचा पाथ झाला `../../../होम/मुग्धा/काम/फर्म-कॉमन/यूआर्ट.सी`. म्हणजे रिलेटिव्हच्या वेशातला अॅब्सोल्यूट. सीटॅग्जचं ‘ऑल्वेज’ वापरूनही पाहिलं. ते स्वतःची जागा कर्नललाच विचारतं, आणि आमच्या यादीतले पाथ सिमलिंकच्या वाटेने लिहिलेले. त्यामुळे तिथे तर `फर्म` च्या आतल्या फाइलीसुद्धा तीन पायऱ्या वर जाऊन `होम` मधून फिरून आल्या.

मग चहाच्या वेळी डोक्यात उजेड पडला, की हे सगळं निरर्थक आहे. सूची मुग्धाच्या यंत्रावर बनतच नाही. ती सर्व्हरवर बनते. तिथे सिमलिंक नाहीच, तिथे `रियलपाथ` काय सोडवणार? लिहिताना कितीही सोवळं पाळलं तरी वाचणाऱ्याच्या घरात `..` चा अर्थ काय होईल हे लिहिणाऱ्याला कळण्याचा मार्ग नाही.

कंपायलरवाल्यांनी हा प्रश्न कधीच सोडवलाय. डीबगच्या माहितीत (चुका शोधायला कंपायलर जोडतो ती), म्हणजे डॉर्फमध्ये, फाइलचं नाव रिलेटिव्ह असलं तर त्याच्या शेजारी ‘कंपाइल करताना मी इथे उभा होतो’ असं फोल्डर लिहिण्याची वेगळी जागा असते. दुसऱ्या यंत्रावर नेलं तर तेवढा भाग बदलायचा. जीसीसी कंपायलरच्या ८ व्या आवृत्तीत तर तो लिहितानाच बदलून घेण्याचा `फाइल-प्रिफिक्स-मॅप` पर्याय आहे. युनिव्हर्सल सीटॅग्जही टॅग्ज फाइलच्या डोक्यावर उद्गारचिन्हाने सुरू होणाऱ्या ओळींमध्ये स्वतः कुठून चाललं ते लिहून ठेवतं. आमच्या सूचीने त्या ओळी ‘कचरा’ म्हणून गाळल्या होत्या. गाळणारी ओळ कोणी लिहिली ते पुन्हा पाहिलं नाही.

तर आराखडा असा: टॅग्जमध्ये पाथ लिहायचे ते `@कॉमन/यूआर्ट.सी` अशा टोपणनावाने. प्रत्येकाच्या यंत्रावर एक कॉन्फिग फाइल, तिच्यात कुठलं टोपणनाव म्हणजे कुठलं फोल्डर. सकाळी सूची ओढताना टोपणनावं खऱ्या पाथने बदलायची. टॅग्ज फाइल नावाच्या रकान्यावर क्रमाने लावलेली असते आणि व्हिमची बायनरी सर्च त्याच रकान्यावर चालते, त्यामुळे पाथ बदलला तरी क्रम बिघडत नाही. संध्याकाळपर्यंत दोनशे ओळी झाल्या. कॉन्फिग वाचणं, नसेल तर अंदाज लावणं, अंदाज चुकला तर विचारणं.

१९ सप्टेंबर, गुरुवार

मधले दिवस दुसऱ्या कामात आणि सुट्टीत गेले. परवाच्या विसर्जनाची झोप अजून डोळ्यांत.

दोनशे ओळी मुग्धाला रिव्ह्यूला दिल्या होत्या. तिने एकच कॉमेंट टाकली: “सर, दोन रूटना दोन टॅग्ज फाइली का नको?”

मी तीन वेळा वाचली. `फर्म` ची फाइल `फर्म` मध्ये, `फर्म-कॉमन` ची `फर्म-कॉमन` मध्ये. प्रत्येकीत फक्त स्वतःच्या आतले पाथ. मग `..` लिहायची वेळच येत नाही. `..` नाही, तर सिमलिंकचा प्रश्न नाही. `फर्म` एसएसडीवर असो की पेन ड्राइव्हवर, आतली रचना तीच. टोपणनाव नको, कॉन्फिग नको. व्हिमचा `टॅग्ज` पर्याय स्वल्पविरामाने कितीही फाइली घेतो. व्हिममध्ये `टॅगरिलेटिव्ह` मुळातच चालू असतं, म्हणजे पाथ त्या त्या टॅग्ज फाइलच्या फोल्डरपासून मोजला जातो. आम्हाला हवं होतं ते सगळं आधीपासून तिथे होतं.

“हे तेरा तारखेलाच का नाही बोललीस?”

“तुम्ही इतके रंगात होतात...”

दोनशे ओळींची ब्रँच डिलीट केली. आधी झिप करून ठेवली, मग झिपही.

२० सप्टेंबर, शुक्रवार

एका रूटला एक सूची. आत-बाहेरची तपासणी आता पायथनच्या पाथलिब या मॉड्यूलमधल्या `रेलेटिव्ह_टू` वर सोपवली. त्याचा स्वभाव मला हवा तसा आहे: फाइल रूटच्या आत नसेल तर ते `..` जोडून वेळ मारून नेत नाही, सरळ एरर देतं. पायथन ३.१२ मध्ये त्याला `वॉक_अप` पर्याय मिळालाय, तो दिला तर `..` जोडतं, तो अर्थात द्यायचा नाही. मूळ चौदा ओळींच्या जागी एक ओळ.

फाइली रूटनिहाय वाटताना आणखी एक गंमत. आमचे जुने मॉड्यूल मेक या बिल्ड करणाऱ्या प्रोग्राममधून, प्रत्येक जण आपापल्या फोल्डरात शिरून बिल्ड होतात. कंपायलरच्या कमांडांची जी जेसन यादी बनते तिच्यात प्रत्येक नोंदीला ‘डिरेक्टरी’ आणि ‘फाइल’ असे रकाने असतात, आणि नियम स्पष्ट आहे: फाइल अॅब्सोल्यूट नसेल तर ती त्या डिरेक्टरीपासून मोजायची. सूचीने डिरेक्टरीचा रकाना कधी वाचलाच नव्हता. त्यामुळे पाच मॉड्यूलांच्या पाच `मेन.सी` मिळून रूटमधली एकच, अस्तित्वातच नसलेली `मेन.सी` झाली होती, आणि ‘फाइल सापडत नाही, वगळतो’ हा इशारा कोणीही न वाचणाऱ्या लॉगमध्ये रोज पाच वेळा पडत होता. दोन मिनिटांचं काम. पण किती दिवस पडून होतं ते विचारू नका.

विंडोजवाल्या सहकाऱ्याचं: त्याचे दोन रूट दोन ड्राइव्हवर. तिथे जुन्या `रेलपाथ` ला उत्तरच नसतं, ते एरर टाकतं, कारण सी वरून डी वर जाणारा रिलेटिव्ह पाथ असूच शकत नाही. दोन फाइलींच्या रचनेत हा प्रश्न आपोआप गेला.

२३ सप्टेंबर, सोमवार

सीस्कोप. याला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त वेळ लागला.

सीस्कोपच्या डेटाबेसची पहिलीच ओळ वाचता येण्याजोगी असते: `सीस्कोप १५`, आणि पुढे तो बनवताना ज्या फोल्डरात उभे होतो त्याचा पाथ. होम फोल्डरच्या आत असेल तर होमचं व्हेरिएबल घालून लिहितो, म्हणजे ‘कुठून’ची जाणीव १९८० च्या दशकात बेल लॅब्समध्ये हे लिहिणाऱ्यांना होती. पण आमच्यासाठी ती आडवी आली. सर्व्हरवर बनलेला डेटाबेस माझ्याकडे ओढून सीस्कोप नुसतं चालवलं, तर ते पहिली ओळ बघतं, सध्याच्या फोल्डराशी जुळत नाही म्हणतं, आणि डेटाबेस शिळा समजून सगळं पहिल्यापासून बनवायला घेतं. सकाळी तयार सूची ओढण्याचा हेतूच बुडाला. यावर `-डी` द्यायचं: आहे तो डेटाबेस वापर, अद्ययावत करू नकोस. व्हिम आतून सीस्कोपला बोलावतो तेव्हा तो `-डी` लावूनच बोलावतो, म्हणून व्हिमवाल्यांना हे कधी जाणवलं नाही; टर्मिनलमधून सीस्कोप वापरणारे दोघे मात्र ‘सकाळी फार हळू चालतं’ म्हणून कुरकुरत होते. मी त्यांना रॅम वाढवा सांगितलं होतं.

रिलेटिव्ह पाथ कुठून मोजायचे ते सीस्कोपला मोठ्या पी ने सांगता येतं, व्हिममध्ये डेटाबेस जोडताना दुसरा पॅरामीटर म्हणून देता येतं. दोन रूट, दोन डेटाबेस, दोन जोडण्या. व्हिमपासून फुटलेल्या नियोव्हिमवाल्यांसाठी यातलं काही नाही, तिथून ०.९ आवृत्तीत सीस्कोपचा आधारच काढून टाकला. ते एलएसपी (एडिटरला कोडची माहिती पुरवणारी वेगळी पद्धत) वापरतात आणि आमच्याकडे दयेने पाहतात.

मुग्धाने टेस्ट लिहिल्या. तीन फोल्डरं: `अ`, `अ-ब`, आणि `अ` च्या आत `ब`. तिन्हींत एकाच नावाची फाइल, फंक्शनही एकाच नावाचं, पॅरामीटर वेगवेगळे. जुनी सूची चालवली की `अ-ब` मधली नोंद `अ/ब` कडे बोट दाखवते. अख्खा बग एवढाच, तीन फोल्डरांत मावला. दुसरी टेस्ट: `अ` ला दुसरीकडे हलवून जागी सिमलिंक. तिसरी तिने स्वतःहून जोडली, रूटच्या नावाच्या शेवटी तिरकी रेघ असेल तर काय? त्यात मीच पडलो. वाटपाच्या कोडमध्ये एका ठिकाणी अजून स्ट्रिंगची तुलना शिल्लक होती.

२४ सप्टेंबर, मंगळवार

रात्रीचं बिल्ड लाल, म्हणजे फसलं. `रेलेटिव्ह_टू` ने एरर दिली: एक असेंब्ली फाइल कुठल्याच रूटमध्ये नाही. टूलचेनबरोबर, म्हणजे कंपायलरच्या संचाबरोबर, येणारी स्टार्टअप फाइल, `/ऑप्ट` खालची. जुनी सूची ती अॅब्सोल्यूटच ठेवत होती. सर्व्हर आणि आम्ही सगळे एकच कंटेनर इमेज वापरतो, त्यामुळे ही फाइल सगळ्यांकडे तंतोतंत एकाच जागी असते. अशा पाथना अॅब्सोल्यूट राहू द्यायचं ठरवलं, पण आपोआप नाही. परवानगी असलेल्या जागांची यादी कोडमध्ये लिहिली. सध्या तिच्यात एकच नाव आहे. यादीत नसलेलं काही आलं तर बिल्ड लालच व्हावं.

दुपारी हिरवं. उद्गारचिन्हवाल्या ओळी पुन्हा ठेवायला लागलो, त्यामुळे कुठलीही टॅग्ज फाइल उघडली की ती कुठे बनली ते डोक्यावर वाचता येतं. मुग्धाच्या एसएसडीवरची उलटी सिमलिंक काढली. `यूआर्ट_इनिट`: तीन पॅरामीटर.

राहिलेलं काम: सात जणांच्या व्हिमआरसीत (व्हिमच्या सेटिंगच्या फाइलीत) अजून जुनी, एकाच टॅग्ज फाइलवाली ओळ आहे. त्यांच्या `फर्म` मधली जुनी फाइल आपोआप पुसली जाणार नाही, ती नव्या फाइलच्या आधी सापडली तर पुन्हा पहिले पाढे. मेल टाकली तर कोणी वाचणार नाही. उद्या एकेकाच्या जागेवर जाऊन बदलून येतो.